दिघ्याच्या पंगतीला उकडा तांदूळ

जुईनगर, नवी मुंबई
३ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप वामनकाका,

पाया पडायला वाकले आहे असं समजा आणि लवकर आशीर्वाद देऊन टाका, म्हणजे मला सरळ होता येईल.

तुमचा पुतण्या निखिल म्हणतो, "काका टेकडीवर जाऊन फोन का करत नाहीत? तिथे रेंज येते की." मी त्याला म्हटलं, टेकडीला गुडघे लागतात, पत्राला नुसता हात. आणि खरं सांगू, फोनवर तुम्ही "बरं आहे, ठेवतो" याच्या पुढे जात नाही. पत्रात निदान फणसाला किती कुयऱ्या धरल्या ते तरी कळतं.

तुम्ही विचारलंय, पतपेढीतली नोकरी सोडून तू करतेस तरी काय, पुतण्या म्हणतो खिचडी शिजवते. खिचडीच शिजवते, काका! स्टेशनमागे एका गाळ्यात आमच्या महिला गटाचं स्वयंपाकघर आहे. दिघ्याकडच्या पालिकेच्या शाळांना दुपारचं जेवण आम्ही देतो. तांदूळ सरकारी गोडाऊनमधून येतो, डाळ-कडधान्य आणि भाजी आम्ही वाशीच्या एपीएमसी बाजारातून उचलतो. पहाटे चुली पेटतात, मग आमचा टेम्पोवाला कुलदीप डबे भरून ठाणे-बेलापूर रोडने दिघ्याला निघतो. या साखळीत एक कडी निसटली की शाळेत मुलं ताट घेऊन बसलेली आणि ताटात काही नाही.

सध्या तेच टेन्शन आहे. तांदळाची गाडी आलेलीच नाही. गोडाऊन म्हणतं, ऑर्डर मिळाली नाही. पालिकेचं ऑफिस म्हणतं, ऑर्डर कधीच गेली. गाडीवाला म्हणतो, माझं कंत्राट संपलं, नव्या माणसाला विचारा. नवा माणूस कोण, ते कुणालाच माहीत नाही. स्टॉक आठवडाभर पुरेल. दिघ्याच्या शाळेच्या मुख्याध्यापिका स्मिताबाई परवा म्हणाल्या, "आमच्याकडे बरीच मुलं सकाळी नुसता चहा पिऊन येतात. तिसऱ्या तासाला पोटावर दप्तर दाबून बसतात. जेवण चुकवू नका हो."

आता काय, राजापूरहून मागवायचा का तांदूळ? सांगा, तुमच्या कणगीत आहे का काही?

आंबा कसा आहे यंदा?

तुमची,
श्रुती


पाथरवाडी, ता. राजापूर
११ फेब्रुवारी २०२५

चि. श्रुती,

आशीर्वाद. यापुढे वाकू नकोस. दिवसभर मोठी पातेली उचलणारीने कंबर जपावी.

तुझं पत्र वाचलं आणि काय ते समजलो. मागायचा संकोच वाटला म्हणून तू हसण्यावारी लिहिलंस. तुझी काकूसुद्धा अशीच होती. "मीठ संपलंय" असं कधी म्हणायची नाही. "आज आमटी अळणी लागली तर ओरडू नका" एवढंच म्हणायची.

माझ्या कणगीत तांदूळ आहे. एकटा माणूस खाऊन खाऊन किती खाणार? पण शाळेला तेवढ्याने काय होतंय, म्हणून मी वाडीत फिरलो. गोजराकडे पहिल्यांदा गेलो. ती तुला ठाऊक आहे, वरच्या घरातली, तुझ्या-निखिलच्या लग्नात तुझ्या पदराला नावं ठेवणारी. तिला म्हटलं, "मुंबईकडं शाळेतली पोरं उपाशी बसतायत." ती तशीच आत गेली आणि पाटी भरून आणून माझ्यापुढे ठेवली. मग मागच्या दाराने शेजारणींना हाका मारत सुटली. संध्याकाळपर्यंत माझी पडवी भरली. सगळा उकडा तांदूळ आहे, घरी उकडून वाळवलेला, लालसर. तुमच्या त्या पांढऱ्याफेक तांदळात काही दम नसतो.

पहिल्या आंब्याची गाडी या आठवड्यात वाशीला जातेय. वाडीतल्या सयाजीच्या गाडीत पेट्यांच्या मागे पोती लावून देतो. फळबाजारातून उतरवून घे. पेंढ्याला आंब्याचा वास आहे, तो तांदळाला लागला तर तक्रार करू नये.

आंबा बरा आहे. थंडी लांबली, मोहोर टिकला.

पोरं जेवली की कळव. वाडी वाट बघतेय.

तुझा,
वामनकाका


जुईनगर
२५ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप काका,

वाकत नाही, पण डोकं टेकवते. हे पत्र लिहायला मी चार वेळा बसले आणि उठले.

पोती पोचली. कुलदीप फळबाजारातून घेऊन आला तेव्हा सगळा गाळा आंब्यासारखा घमघमला. आमच्या सखूमावशी इथल्या खाडीकाठच्या गावातल्या, स्वयंपाकात मुख्य. त्यांनी मूठभर दाणे हातावर घेतले आणि म्हणाल्या, "यो तांदूल जारा (जाडा) हाय गो. आमची सासू असाच रांदायची."

पण काका, मी तो तांदूळ शाळेच्या पातेल्यात घालू शकत नाही. रोजच्या जेवणात सरकारी गोडाऊनचाच तांदूळ लागतो, बाहेरचं धान्य तपासल्याशिवाय चालत नाही. आणि नियम बरोबरच आहे. तुमच्या वाडीतला तांदूळ सोन्यासारखा आहे, पण उद्या कुणीही कसलीही पोती आणून दिली तर मी मुलांच्या ताटात काय वाढलं, ते मला कसं कळणार? मी खरंच गमतीने लिहिलं होतं. माझ्या गमतीपायी तुम्ही उन्हातान्हाचे घरोघर फिरलात.

मुलं मात्र उपाशी राहिली नाहीत, हे आधी सांगायला हवं होतं. एक दिवस आम्ही नुसती मटकीची उसळ आणि केळी पाठवली. स्मिताबाईंचा फोन आला, "आज मुलांनी ताटं परत आणून दिलीच नाहीत, भात येईल म्हणून धरून बसली." त्या दिवशी मी टेम्पोत बसले आणि थेट ऐरोलीला पायलकडे गेले.

पायलचं तिथे असंच स्वयंपाकघर आहे. दोन वर्षांपूर्वी ऐरोलीच्या शाळा आमच्याकडून तिच्याकडे गेल्या, तेव्हापासून आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो. मीटिंगला गेलो तरी मध्ये दोन खुर्च्या सोडून बसायचो. मी दारात उभी राहिले. काय बोलायचं ते टेम्पोत घोकून आले होते, पण ते बोलायची वेळच आली नाही. ती म्हणाली, "तांदूळ ना?" आणि कमरेची किल्ली काढली. तिच्या दोन शाळा दुरुस्तीसाठी बंद आहेत, त्यामुळे तिच्याकडे स्टॉक उरला होता. ऑफिसातून परवानगीचा कागद करून घ्यायला तीच माझ्याबरोबर आली. सरकारी गाडी येईपर्यंत आमचं त्यावर भागेल.

तुमची पोती गाळ्यात उंचावर, कोरड्या जागी ठेवली आहेत. सांगाल तशी परत पाठवते. रागावला असाल तर रागवा, पण पत्र पाठवा.

तुमची,
श्रुती


पाथरवाडी
६ मार्च २०२५

चि. श्रुती,

रागावलो नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. एक दिवस रागावलो. दुसऱ्या दिवशी पेज पिताना वाटलं, पोरगी बरोबर बोलतेय. माझ्या घरी येऊन कुणी अनोळखी माणसाने पातेल्यात हात घातला असता तर मी काय केलं असतं?

पण आता भलतंच झालं आहे. ते सांगण्यासाठी हे पत्र.

तुझं पत्र आलं तेव्हा सगळे देवळापाशी होते. पोस्टमनने ते तिथेच दिलं. गोजरा म्हणाली, "वाच की, पोरांचं काय झालं?" मी चष्मा लावून वाचायला लागलो. पोती पोचली, गाळा घमघमला, त्या सखूबाईंच्या सासूचं वाचलं, तेव्हा बायका खूश होऊन हसल्या. पुढची ओळ आली आणि मी मान वर केली. त्यांची तोंडं समोर होती गो. मी ते पान मागे सरकवलं आणि "मुलं उपाशी राहिली नाहीत" तिथून पुढे थोडं वाचून कागद घडी करून टाकला.

आता वाडीत असं ठरलं आहे की दिघ्याची पोरं आमचा उकडा भात खातायत. इथपर्यंतही ठीक होतं. पण गोजराला तो भात पोरं कशी खातात ते बघायचं आहे. "मरायच्या आत एकदा मुंबई," म्हणते. मी म्हटलं, ती नवी मुंबई. "मग नवीच बघू." एप्रिलच्या सुरुवातीला सयाजीची गाडी वाशीला जाणार आहे, तिच्यातून आम्ही दोघं येतोय. मी खूप टाळलं. पायाचं कारण सांगितलं, तर तिने कसलं तरी तेल आणून दिलं.

या वयात शाळेतल्या पोरासारखा अडकलो आहे. काही मार्ग आहे का?

तुझा,
वामनकाका


जुईनगर
१५ मार्च २०२५

तीर्थरूप आणि थापाडे काका,

तुमचं पत्र मी गाळ्यात मोठ्याने वाचलं, एकही पान न सोडता. सगळ्या हसून हसून खाली बसल्या. सखूमावशी म्हणाल्या, "येवं दे गो त्यांना. कायतरी करू."

मार्ग निघाला. मी स्मिताबाईंकडे गेले. त्या मोजकं बोलणाऱ्या, कपाळाला कायम आठी. मी सगळं सांगितलं, तुमच्या देवळापुढच्या वाचनासकट. त्यांची आठी हलली देखील नाही. मग म्हणाल्या, "रोजच्या जेवणात नाही चालणार. पण कुणाला मुलांना एक दिवस आपल्यातर्फे जेवण द्यायचं असेल, तर शाळेच्या समितीने परवानगी दिली की देता येतं. वाढदिवसाला लोक देतात. मग एका वाडीने का देऊ नये?" तांदळाचा नमुना तपासायला दिला होता, कालच रिपोर्ट आला. तुमच्या तांदळात आंब्याच्या वासापलीकडे काही दोष नाही.

तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, पाथरवाडीतर्फे, दिघ्याच्या शाळेत पंगत. गोजराकाकूंना हवं ते दिसेल आणि तुमचं बोलणं जरा उशिरा का होईना, खरं होईल.

मला भीती आहे ती वेगळीच. आम्ही गाळ्यात थोडा भात शिजवून पाहिला आणि आमच्या सोसायटीतल्या मुलांना दिला. एकाने विचारलं, "काकी, हा करपलाय का?" दुसऱ्याने दाणा दाबून पाहिला आणि तसाच ठेवला. निखिलने मात्र दोनदा घेतला आणि लहानपणीच्या मे महिन्यांबद्दल बोलत बसला. पण दिघ्याला निखिल नाहीत, पहिली ते सातवीची मुलं आहेत. त्यांनी ताट बाजूला सारलं तर? गोजराकाकूंच्या समोर?

पायलला सांगितलं तर म्हणाली, "सोबत चवळीची उसळ जरा झणझणीत कर, भात आपोआप जाईल." हल्ली ती रोज फोन करते. तिच्या मुलाची दहावी आहे आणि ताण सगळा माझ्या कानाला!

तुमची,
श्रुती


पाथरवाडी
२३ मार्च २०२५

चि. श्रुती,

तुझे आणि त्या बाईंचे फार उपकार झाले. मनावरचा धोंडा उतरला.

उकडा तांदूळ नेहमीपेक्षा दुप्पट वेळ घेतो, पाणीही जास्त लागतं. दाणा फुटेपर्यंत धीर धर. मधेच झाकण काढून बघत बसू नये.

आम्ही निघायच्या तयारीत आहोत. सयाजीने डागी आंब्यांच्या चार पेट्या पोरांसाठी वेगळ्या काढल्यात. बाजारात त्या जात नाहीत, पण चवीला आत काही फरक नाही. गोजराने नवं लुगडं काढलं आहे. तिला मी अजून खरं सांगितलेलं नाही. गाडीत सांगेन म्हणतो.

तुझा,
वामनकाका


जुईनगर
५ एप्रिल २०२५

तीर्थरूप काका,

तुम्ही दोघं सुखरूप पोचलात असं सयाजीने बाजारातून कळवलं. घर रिकामं वाटतंय. गोजराकाकूंनी माझ्या स्वयंपाकघरातले सगळे डबे फिरवून ठेवलेत, हळद सापडायला मला दोन दिवस लागले.

त्या दिवशी जेवण उशिरा का आलं, ते मी शाळेत तुम्हाला सांगितलं नाही. तुम्हाला वाटलं रस्त्यात गाडी अडकली. रस्ता मोकळा होता. अडकलो आम्हीच.

तुम्ही लिहिलं होतं, दुप्पट वेळ लागतो. वेळ लागतो म्हणजे गॅसही तेवढाच लागतो, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आदल्या दिवशी टाक्या यायच्या होत्या, त्या आल्या नाहीत. एजन्सी म्हणाली, गाडी सकाळी सुटेल. मी म्हटलं, चालेल. निम्मा भात शिजला आणि चुली एकेक करून विझल्या. पातेल्यात तांदूळ अर्धाकच्चा, पाणी वर तरंगतंय, आणि दिघ्याला तुम्ही नवी लुगडी नेसून बसलेले. म्हणजे लुगडं काकूंनी, तुम्ही सदरा.

मी मटकन खाली बसले. सखूमावशींनी मला दंडाला धरून उठवलं. "बसतंस काय? जा, फोन लाव."

पायलने पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "टेम्पोत घाल आणि घेऊन ये." आम्ही ती गरम पातेली गोणपाटात गुंडाळली. कुलदीपने टेम्पो असा चालवला की जणू आत नवरी बसली आहे. पायलच्या बायकांनी स्वतःची कामं उरकून चुली मोकळ्या करून ठेवल्या होत्या. दोन्ही गटांच्या बायका एका पातेल्याभोवती! कुणी पाणी ओततंय, कुणी ढवळतंय, आणि पायल झाकण धरून उभी: "काकांनी सांगितलंय, उघडायचं नाही." दाणा फुटला तेव्हा सखूमावशी आणि पायल एकमेकींच्या हातावर टाळ्या देत होत्या. ऐरोलीहून दिघा जवळ, म्हणून तरी पोचलो.

आता आम्ही दोघींनी ठरवलंय. एकीकडे गाडी आली नाही, टाकी आली नाही, तर दुसरीने विचारायचं नाही, दार उघडायचं. ऑफिसातही तसं लिहून दिलं. आणि हो, सरकारी तांदळाची गाडी परवा आली. भरपूर आलीय.

मी वाढण्यात गुंतले होते, त्यामुळे तुमच्याकडचं नीट पाहता आलं नाही. सुरुवातीला मुलं नुसते आंबे खात होती, तेवढं दिसलं. नंतर वळून पाहते तर तिसरीच्या रांगेत गोजराकाकू जमिनीवर बसलेल्या आणि एक मुलगी त्यांच्या अंगावर रेलून जेवतेय. काय बोलत होत्या त्या दोघी? काकूंना हिंदी कुठे येतं?

तुमची,
श्रुती


पाथरवाडी
१४ एप्रिल २०२५

चि. श्रुती,

डबे तिने फिरवले, कारण तिच्या मते हळद चुलीच्या उजव्या हाताला असावी. याबाबतीत तिचं ऐक.

तू विचारलंस म्हणून सगळं क्रमाने सांगतो.

जाताना गाडीत, पाली मागे पडल्यावर मी तिला म्हटलं, "गोजरा, एक सांगायचं हाय." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पत्राचं ना? तू कागद तीन काढलंस नि वाचलंस दोन. मला वाचता येत न्हाई, मोजता येतं." मी विचारलं, मग यायचा हट्ट का धरलास? ती म्हणाली, "म्हनूनच धरला. आपून गेलो तर ती पोरगी कायतरी करील." सयाजी एवढा हसला की गाडी बाजूला घ्यावी लागली.

जेवण यायला उशीर झाला, तेव्हा तुमच्या स्मिताबाईंनी तास लांबवला आणि गोजराला वर्गात नेऊन उभं केलं. म्हणाल्या, "या आजींच्या शेतातला भात आज येणार आहे." गोजरा लाजून पदराशी चाळा करत राहिली. मग एकाने विचारलं, आजी, भात झाडाला लागतो का? तिथून ती सुटली. वाकून लावणी कशी करायची, ते वर्गात करून दाखवलं. पोरं बाकांमधून तिच्या मागोमाग लावणी करत चालली. स्मिताबाई दारात उभ्या होत्या. त्यांची आठी त्या वेळी नव्हती, हे मी पाहिलं.

मग तुम्ही आलात, पानं वाढली. तू पाहिलंस ते खरं, आंबे संपले आणि भात तसाच राहिला. एक पोरगा म्हणाला, "हा लाल का आहे?" गोजराने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

तेवढ्यात तिसरीच्या रांगेतून एक पोरगी ओरडली, "ये तो उसुना है!" झिली नाव तिचं. ओडिशाची, बाप दिघ्याच्याच कारखान्यात कामाला आहे; उकड्याला ते उसुना म्हणतात. ताटातला भात तिने हाताने कालवला, नुसताच, उसळ न घेता, आणि घास घेतला. मग शेजारणीला सांगायला लागली, "हमारे गाँव में यही खाते हैं। मेरी नानी बनाती है।" शेजारणीने चाखला. पलीकडच्यांनी चाखला. पोरांचं कसं असतं तुला माहीत आहे, एकीला आवडलं की सगळ्यांना हवं. पुढे तू वाढतच होतीस.

गोजराला शब्द कळले नाहीत, पण "नानी" कळलं. ती जाऊन तिच्याशेजारी बसली. ही आपल्या बोलीत विचारतेय, ती हिंदीत सांगतेय. मध्ये मी दुभाषी म्हणून गेलो तर गोजरा म्हणाली, "तू गप." तांदूळ कसा भिजवायचा, कसा उकडायचा, वाळत घातला की कोंबड्या कशा हाकलायच्या, हे सगळं दोघींनी हातवाऱ्यांनी बोलून घेतलं. कोंबड्या हाकलण्याची तऱ्हा दोन्हीकडे एकच निघाली. पोरगी दोन वर्षं गावी गेलेली नाही म्हणाली. मग ती रेलली.

गोजरा घरी पोचल्यावर दोन दिवसांनी माझ्या पडवीत येऊन उभी राहिली. "त्या पोरीचा गाव कुठं आला?" मी सांगायला लागलो, पूर्वेला, समुद्राकाठी. म्हणाली, "तोंडानं नको, दाव."

आमच्या शाळेच्या भिंतीवर नकाशा आहे. सुट्टीचा दिवस होता, मी किल्ली मागून आणली. खिडक्या उघडल्या, उजेड आला. मी तिला आधी राजापूरच्या जवळचा किनारा दाखवला, मग पलीकडे ओडिशा. तिने अंगठा आपल्या गावावर टेकवला आणि करंगळी ताणून ताणून तिकडे नेली. पोचली.

म्हणाली, "वीतभर तर हाय."

तुझा,
वामनकाका